मान्यांच्या घरची शेंगोळी

या अंकाच्या संपादिका माझ्या घरी आल्या, चहा प्यायल्या, चिवडा खाल्ला, चिवड्यात खोबरं जरा जास्त झालंय असं हळूच सुचवलं आणि निघताना म्हणाल्या, "मावशी, तुमचे आवडते घरगुती पदार्थ आणि ते करतानाच्या युक्त्या लिहून द्या ना. वाचकांना फार आवडेल."

जन्मभर खानावळ चालवलेल्या बाईला आवडता पदार्थ विचारणं म्हणजे पोस्टमनला आवडतं पत्र विचारण्यासारखं आहे. पातेल्यात जे उरायचं ते माझं आवडतं. आमटी उरली तर आमटी आवडती, नुसती खरवड उरली तर खरवड आवडती. ज्या दिवशी काहीच उरायचं नाही त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकरी हा माझा अत्यंत आवडता घरगुती पदार्थ असायचा. त्याची युक्ती अशी, की खाताना कुणाचं ताट डोळ्यांसमोर आणू नये.

तरी बाईंचा मान राखायला हवा. लिहिते.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या पेठेमागच्या बोळात आमच्या दारावर पाटी होती, 'घरगुती जेवण मिळेल'. आमचे हे हळदीच्या अडत दुकानात कामाला. संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. नवीन जेवणारा विचारायचा, "वहिनी, घरात लग्न आहे का हो?" ह्यांच्या पगारात घर चालेना म्हणून मी पाटी लावली. मला वाटलं, रोज चौघांचं करते ते आणखी दहा-पंधरा जणांचं करायचं. त्यात काय मोठं?

मोठं काय ते 'घरगुती' या शब्दात होतं. हॉटेलात माणूस पुढ्यात येईल ते गिळतो. घरगुती म्हटलं की त्याला स्वतःचं घर आठवतं, आणि प्रत्येकाचं घर वेगळ्या गावी. तासगावकडच्याला आमटी नुसती लालभडक पाहिजे. कोकणातून बदलून आलेल्याला प्रत्येक पदार्थात ओलं खोबरं पाहिजे, अगदी पिठल्यातसुद्धा. जतकडचा माणूस मऊ भाकरीकडं आजारी माणसाकडं बघावं तसा बघायचा. त्याला कडक रोट्टी पाहिजे. एका चुलीवर मी या सगळ्यांची आई व्हायचं होतं.

मग मी युक्ती काढली. बाईंनी मागितली होती ती पहिली युक्ती हीच. आमटी एकच करायची, पण ढवळायची नाही. झणझणीत लागतं त्याला वरची तर्री वाढायची. दाट लागतं त्याला डाव तळापर्यंत घालून वाढायची. जो कधी तक्रार करत नाही त्याला मधली. वर्षानुवर्षं माझ्या पंगतीत प्रत्येकाचा ठाम समज होता, की वहिनी आपल्यापुरती वेगळी आमटी करतात. मसाला शेजारच्या शरीफाबींच्या उखळात कुटला जायचा. कांदा कडक उन्हात वाळवायचा आणि लसूण कुटताना सगळ्यात शेवटी घालायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. जेवणारे बोटं चाटत म्हणायचे, "अस्सल मराठ्याच्या घरचा मसाला!" दारात बसलेल्या शरीफाबी माझ्याकडं बघायच्या आणि पदर तोंडात धरायच्या.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. विट्याकडचा एक गलाईवाला, म्हणजे परमुलखात सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान असलेला, वर्षातून एकदा गावी जाताना आमच्याकडं उतरायचा. नुसत्या ठेच्याला बोट लावून डोळ्यांत पाणी आणायचा. मी म्हणायची, "तिखट झालाय का?" तो म्हणायचा, "न्हाई वयनी, तिकडं मिरचीत बी साखर घालत्यात." हे जेवणारं सरळ. सगळेच असे असते तर खानावळ म्हणजे नुसतं सुख असतं.

पण माने होते.

जगन्नाथ माने एका सरकारी कचेरीत कारकून. गाव माण तालुक्यातलं, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. मूळची भाषा त्यांनी कचेरीत जाताना बहुधा एसटी स्टँडवरच ठेवून दिली होती. 'न्हाई'चं 'नाही' करताना त्यांच्या कपाळावर आठी पडायची. स्वभावानं वाईट नव्हते. फक्त पहिला घास तोंडात गेला, की मान एका बाजूला कलायची आणि आम्ही सगळे समजायचो, की आता येणार.

"वहिनी, वांगी बरी झालीत. पण आमच्या मंडळींच्या हातची सर नाही."

आमची मंडळी म्हणजे बायको. ती गावी सासू-सासऱ्यांजवळ होती. तिची वांगी, तिची आमटी, तिची लुसलुशीत पुरणपोळी, तिचा मसालेभात. मी कृष्णाकाठची काटेरी वांगी पहाटे बाजारात जाऊन हातात जोखून आणायची. वांगं दिसायला मोठं आणि हाताला हलकं पाहिजे. जड वांग्यात बिया असतात. देठ ठेवून चिरायचं, मिठाच्या पाण्यात टाकायचं, दाण्याचं कूट ओबडधोबड ठेवायचं. एवढं करून ताटात वाढलं, की मान कलायची. एका सणाला मी हौसेनं पुरण घातलं. सगळे तृप्त झाले. माने म्हणाले, "वेलदोडा कमी आहे. आमच्या घरी पोळीवर तुपाची धार सोडली की पोळी दिसत नाही."

आमच्या पंगतीत हवालदारमामा होते. फौजेतून निवृत्त झालेले, एका गोदामाची राखण करायचे, पानात पडेल ते हुकूम मिळाल्यासारखं संपवायचे. ते एकदा वैतागून म्हणाले, "मान्या, अशी बायको हाय तर तिला हिकडं आण की गड्या. आमी बी जरा चाखू."

"खोली मिळत नाही ना, मामा."

सांगलीत तेव्हा खोल्या भरपूर होत्या. पण अन्नपूर्णेला ठेवायची तर तशी जागा हवी, असं आम्ही समजून घेतलं. मला मात्र त्या न पाहिलेल्या बाईचा मनापासून राग यायला लागला. आमटीला फोडणी देताना मी तिला मनात म्हणायची, ये बाई एकदा, आणि घाल किती वेलदोडा घालायचा तो.

ती आली.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस. दुपारची पंगत उठली होती, मी भांडी घासत होते. दारात एक काळीसावळी, वाळलेली बाई उभी. काखेत गठुडं. पायांत चपला नाहीत.

"मान्यांच्या वयनी तुमीच का? म्हंजी, ते जेवत्यात त्या?"

"मीच. तू कोण?"

"मी हौसा. त्येंच्या घरातली."

हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. तिचे हात माझ्या नजरेला पडले. बोटं जाड, तळवे भेगाळलेले. दुष्काळी कामावर खडी फोडलेले हात मी ओळखत होते. गावातली कुणी सांगलीच्या दवाखान्याला निघाली होती, तिच्या सोबतीनं ही आली होती. मी पाणी दिलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं आणि खाली बसत म्हणाली, "वयनी, मला सैपाक शिकवा."

"मी? तुला?"

"व्हय. ते घरी आलं की एक घास खात्यात आन् ताट सारत्यात. म्हणत्यात, ह्ये काय जेवान हाय? सांगलीच्या वयनींच्या हातचं खाऊन बघ. आमटी अशी, वांगी अशी. तुझ्या हातचं खाऊन मला दुखणं येतंय, म्हणून तुला न्हेत न्हाई." ती खाली बघून बोलत होती. "आता सासूबाई म्हणत्यात, हिला माहेरी घालवू आन् त्याला दुसरी करू. तवा मी म्हणलं, आधी शिकून तर बघू."

मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, कारण माने कचेरीत सुखरूप होते. इतके दिवस मी हिच्या नावानं जळत होते आणि ही तिकडं माझ्या नावानं रडत होती. एका माणसानं दोन बायकांना एकमेकींच्या हातच्या जेवणानं झोडपलं होतं, आणि दोन्हीकडं जेवून ढेकर दिली होती.

मी तिला विचारलं, "तू वांगी कशी करतेस?"

"वांगी?" तिनं डोळे मोठे केले. "आमच्याकडं वांगी कवा पिकली? प्यायला पाणी न्हाई."

"पुरणपोळी?"

"लग्नात खाल्ली हुती."

"मग तू करतेस काय?"

तिनं गठुडं सोडलं. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं पीठ, वाळल्या मिरच्या, लसूण. "शेंगोळी करती. हुलग्याचं पातळ माडगं करती. बाजरीची भाकरी. दुसरं काय करणार?"

मी चुलीपुढून उठले. "मला पाठीला कळ लागलीय. आजची संध्याकाळची पंगत तू कर."

"आगं बाई, एवढ्या मानसांचं?"

"खडी फोडलीस ना? मग पीठ मळणं काय अवघड आहे."

शेंगोळी कशी करतात ते लिहिते, म्हणजे संपादिकाबाईंचं समाधान होईल. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरची वाटून, मीठ, आणि घट्ट मळायचं. हाताला तेल लावून तळव्यावर बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि टोकं जोडायची. भरपूर लसणाची फोडणी करून पाणी ओतायचं आणि ते खळाखळा उकळू लागलं की एकेक वळी सोडायची. सोडल्यावर लगेच डाव घालायचा नाही. इथंच सगळ्या चुकतात, मी पण चुकले असते. हौसानं माझा हात धरला आणि म्हणाली, "गप ऱ्हावा वयनी, तेंचं तेंनी शिजूद्या." पिठानंच रस्सा दाट होतो. वेगळं काही लावावं लागत नाही, खोबरं तर नाहीच.

संध्याकाळी पंगत बसली. हौसा आत चुलीपाशी, मी बाहेर वाढायला. माझा बेत साधा होता. माने पहिला घास घेतील, बायकोच्या हातची चव ओळखतील, थक्क होतील. मग मी तिला बाहेर बोलावीन. पुढचं त्यांनी बघावं.

मान्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. भाकरी कुस्करली, रस्सा ओतून घेतला, पुन्हा मागितला. हवालदारमामा तर वाटी पुसून खात होते. मग मान कलली.

"शेंगोळी केलीत होय? बरी आहेत. पण आमच्या मंडळींच्या हातची सर नाही."

मी मामांकडं बघितलं. मामांना काहीच ठाऊक नव्हतं, पण त्यांनी सरळ विचारलं, "कशी करती रं तुझी मंडळी?"

"ती आधी वळ्या तुपात तळून घेते. मग खोबरं भाजून वाटण लावते. वरून गुळाचा खडा." माने रंगात आले. "या पदार्थाला हात लागतो, मामा. सगळ्यांना नाही जमत."

मी वळून बघितलं तर हौसा दोन्ही हात मांडीवर ठेवून जाळाकडं बघत होती. मग उठली. पातेलं उचललं आणि मी काही म्हणायच्या आत बाहेर गेली. पंगतीत सगळ्यांना सोडून सरळ त्यांच्यासमोर वाकली.

"आनी वाढू?"

मान्यांनी आधी तो हात बघितला. मग वर बघितलं. तोंडातला घास गिळायचा राहिला. हवालदारमामांनी विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

बोलायला फार काही लागत नव्हतं. दोन शब्दांचं उत्तर होतं. माने पानाकडं बघत म्हणाले, "आमच्या गावाकडच्या आहेत. ओळखीच्या."

हौसानं त्यांना वाढलं, मामांना वाढलं, ओळीनं सगळ्यांना वाढलं आणि आत आली. मी तिच्या मागं गेले. रडत असेल म्हणून तिचे डोळे पुसायला पदर हातात घेतला. ती रडत नव्हती. पातेलं चुलीवर ठेवून म्हणाली, "वयनी, तुमच्याकडं कामाला बाई लागती का?"

"अगं पण..."

"ओळखीची हाय म्हणालं न्हवं? मग ओळखीनं काम द्या."

त्या दिवसापासून हौसा माझ्याकडं राहिली. सकाळी भाकरी थापायची, दुपारी शरीफाबींबरोबर मिरच्या निवडायची. त्या दोघींचं इतकं जमलं, की मलाच परकं वाटायला लागलं. शेंगोळीची ख्याती बोळाबाहेर गेली आणि जतकडचा माणूससुद्धा तिच्या बाजरीच्या भाकरीपुढं मुकाट झाला. माने दोन-चार दिवस दुसरीकडं जेवले. मग पोट धरून परत आले. खाली मान घालून जेवायचे, मान कलायची बंद झाली.

एकदा ते दुपारी एकटेच आले. मी वांगी चिरत होते.

"वहिनी, तिला गावी पाठवा. माझी अब्रू जातेय."

"कुणाला पाठवू?"

"तिला."

"ओळखीच्या बाईला? तिला पाठवणारे आपण कोण, मानेभावजी? ती आपल्या पायांनी आलीय, आपल्या पायांनी जाईल."

"तुम्हाला समजत नाही. कचेरीत कळलं तर? कारकुनाची बायको खानावळीत भाकऱ्या थापते..."

"कुणाची बायको?" मी विचारलं.

ते गेले. खरं सांगते, त्यांची थोडी कीव आली. माणसानं गावाची, भाकरीची, हुलग्याची इतकी लाज धरावी, की नसलेली पुरणपोळी रचून सांगावी लागावी! पण कीव आली म्हणून मी त्यांना तळातली आमटी वाढली नाही. मधलीच वाढली.

हौसाला मी विचारलं होतं, "तुला जायचंय का त्यांच्याकडं?"

"बोलवत्याल तवा बघू."

"आणि नाहीच बोलावलं तर?"

तिनं उलथन्यानं भाकरी परतली. "तर भाकरी थापायची."

उन्हाळा लागला. एका संध्याकाळी पंगतीत नवीन माणूस आला, खतं-औषधं विकत फिरणारा. पायजमा कडक इस्त्रीचा, आवाज त्याहून कडक. त्या दिवशी चुलीचं लाकूड ओलं होतं, हौसाची एक भाकरी खरंच करपली आणि नेमकी त्याच्या पानात गेली. त्यानं भाकरी दोन बोटांत धरून वर उचलली.

"ए बाई! बाहेर ये. हे काय आहे? आमच्या घरी हे कुत्र्यालासुद्धा घालत नाहीत. हात मोडलेत का तुझे?"

मी तोंड उघडलं, पण मला वेळच मिळाला नाही. माने उभे राहिले होते. खरकटा हात तसाच, तोंड लाल.

"नीट बोल! बायको हाय ती माझी!"

'हाय' म्हणाले. कपाळावर आठी नव्हती.

तो विक्रेता भाकरी हातात धरून बसला. हवालदारमामा जेवायचे थांबले, आणि मामा कधी थांबायचे नाहीत. आतून हौसा आली. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लागणार, आता हा प्रसंग सिनेमातल्यासारखा होणार. तिनं त्या माणसाच्या हातातली भाकरी घेतली, उलटून बघितली.

"करपलीच हाय. त्येंची चूक न्हाई. बदलून देती." मग मान्यांकडं न बघताच म्हणाली, "आन् तुमी बसा. जेवान गार हुतंय."

माने बसले. मामा खाकरले आणि म्हणाले, "मान्या, मला तर पहिल्या दिवशीच कळलं हुतं. तुपात तळलेली शेंगोळी म्हनं!" सगळी पंगत हसली. माने पण हसले, जरा उशिरा.

त्यानंतर सांगलीत एकाएकी खोल्या मिळू लागल्या. आठवडा झाला नाही तोवर नदीकडच्या आळीत मान्यांनी एक खोली बघितली, घासलेट आणलं, दोन पातेली आणली, तवा आणला आणि संध्याकाळी हौसाला घ्यायला आले. दारात उभे राहून त्यांनी तिला 'चल' म्हटलं नाही, 'येतीस का?' म्हणून विचारलं. ती गठुडं घेऊन गेली. मी आमच्या ह्यांना म्हटलं, गेली माझी बाई. उद्यापासून परत मीच आणि माझी पाठ. त्या दिवशी भाकरी थापताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळी उजाडलं, मी चूल सारवत होते, तर हौसा दारात. डोळे लाल.

"काय झालं? रडलीस का? काय बोलले का ते जेवणाला?"

"जेवान कसलं वयनी!" ती खाली बसली. "मी म्हणलं, आज माझा हात दुखतोय, चूल तुमी पेटवा. त्येंनी लाकडं लावली, घासलेट वतलं, फुंकून फुंकून जीव दमला. नुसता धूर. खोलीत मी दिसंना, ते दिसंनात. शेजारची मानसं काय पेटलं म्हणून पळत आली. शेवटी दोघं बी दाराबाहेर बसून शेंगदाने आन् गूळ खाल्ला."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलायला सुदरंना. हसूच थांबंना, मला बी आन् त्यास्नी बी." तिनं पदरानं डोळे पुसले. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा, वयनी."

मग परात पुढं ओढून ती भाकरीचं पीठ मळायला बसली.